ऑस्ट्रियाची मार्गारेट : आंदण, वैधव्य आणि राजसत्ता

पंधराव्या शतकाच्या अखेरच्या काळातील युरोपीय राजघराण्यांच्या सोयरिकींचा इतिहास ज्या ग्रंथांत आला आहे, त्यांत ऑस्ट्रियाच्या मार्गारेटचा (१४८०–१५३०) उल्लेख बहुधा एक दैवहत राजकन्या म्हणून येतो. तिसऱ्या वर्षी फ्रान्सच्या युवराजाशी लग्नविधी, अकराव्या वर्षी त्याच्याकडून परित्याग, सतराव्या वर्षी दुसरा विवाह आणि त्याच वर्षी वैधव्य, एकविसाव्या वर्षी तिसरा विवाह आणि चोविसाव्या वर्षी पुन्हा वैधव्य, हा क्रमच असा आहे की चरित्रकाराला करुणरसाचा मोह आवरू नये. तिच्या पदरी असलेला कवी जाँ लमेर याने तिच्या हयातीतच ही प्रतिमा घडविली, आणि पुढील अनेकांनी ती जशीच्या तशी उचलली. परंतु याच स्त्रीने १५०७ ते १५१५ आणि पुन्हा १५१९ ते १५३० अशी सुमारे एकोणीस वर्षे नेदरलँड्सचा कारभार चालविला, आणि युरोपातील दोन प्रबळ राजांचे युद्ध १५२९ मध्ये वाटाघाटींनी मिटविले, ही गोष्ट त्या करुणकथेत नीट बसत नाही. दोनदा विधवा झालेली, एकही अपत्य नसलेली राजकन्या त्या काळी मठात जाई किंवा पुन्हा कोणाच्या तरी पदरी पडे. ही सत्तेवर कशी आली? या प्रश्नाचे उत्तर तिच्या दुःखांपेक्षा तिच्या लग्नांच्या करारपत्रांत शोधणे अधिक फलदायी ठरते.

या करारपत्रांत दोन प्रकारच्या संपत्तीचा विचार असे, आणि त्यांतील भेद ध्यानात न घेतल्यास पुढील पुष्कळशा घटना अंधुक राहतात. पहिली संपत्ती वधूबरोबर तिच्या माहेराहून सासरी जाणारी. तिला मराठीत आंदण म्हणावे. तीत रोकड असे, रत्ने असत आणि घराणे मोठे असले तर प्रांतच्या प्रांत असत. दुसरी संपत्ती म्हणजे पती निवर्तल्यास विधवेच्या निर्वाहासाठी सासरच्या राज्यातून तिला तहहयात लावून दिलेले मुलूख व उत्पन्न. मराठा राज्यात सरदारघराण्यांतील स्त्रियांना चोळीबांगडीखातर गावे लावून देत, त्याच्याशी हिचे थोडे साम्य आहे. मात्र तेथे हा हक्क लग्नापूर्वीच कलमवार लिहून घेतला जाई आणि तो न मिळाल्यास वरिष्ठ सत्तेकडे दाद मागता येई. आंदण स्त्रीच्या नावे असले तरी तिच्या हाती नसे; विधवेचा मुलूख मात्र तिच्या हाती येई. मार्गारेटच्या आयुष्यातील खरे स्थित्यंतर या दोन संपत्तींच्या दरम्यान घडले.

तिचा जन्म १० जानेवारी १४८० रोजी ब्रसेल्स येथे झाला. तिची आई मेरी ही बर्गंडीच्या वैभवशाली ड्यूकघराण्याची एकमेव वारस. तिचा पिता चार्ल्स १४७७ च्या जानेवारीत नान्सीच्या रणांगणावर पडला, तेव्हा फ्रान्सचा राजा अकरावा लुई त्याचा मुलूख गिळंकृत करावयास टपलाच होता. त्यातून वाचण्यासाठी मेरीने त्याच वर्षी हाब्सबुर्ग घराण्याच्या मॅक्सिमिलियनशी विवाह केला. मार्च १४८२ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून मेरी मृत्यू पावली आणि फिलिप व मार्गारेट ही तिची दोन अल्पवयीन मुले वारस म्हणून उरली. मॅक्सिमिलियन परका, फ्लँडर्समधील शहरांचा, विशेषतः गेंट शहराचा, त्याच्यावर विश्वास नव्हता. कापडाच्या व्यापारावर जगणाऱ्या या शहरांना फ्रान्सशी चाललेले युद्ध थांबवावयाचे होते. मुले गेंटच्या ताब्यात होती. तेव्हा प्रांतसभांच्या प्रतिनिधींनी पित्याच्या मनाविरुद्ध २३ डिसेंबर १४८२ रोजी आरास येथे लुईशी तह केला. त्यान्वये मार्गारेट फ्रान्सच्या युवराजाला द्यावयाची, आणि तिच्याबरोबर आंदण म्हणून अर्त्वा, फ्रांश-कोंते, शारोले, माकों, ओसेर इत्यादी मुलूख. यातील बराचसा भाग लुईने बळाने आधीच बळकावलेला होता. चोरीचा माल सुनेच्या आंदणात दाखवून तो कायदेशीर करून घेण्याची ही युक्ती त्या राजाच्या एकंदर स्वभावाला शोभणारीच होती.

१४८३ च्या जूनमध्ये आंब्वाझ येथे लग्नविधी झाला. वर तेरा वर्षांचा होत आला होता, वधू साडेतीन वर्षांची. दोन महिन्यांतच लुई मृत्यू पावला आणि वर आठवा चार्ल्स म्हणून गादीवर आला. मार्गारेट फ्रान्सची छोटी राणी म्हणून आंब्वाझच्या वाड्यात वाढू लागली. चार्ल्सची वडील बहीण आन द बोझ्यो हीच त्या वेळी खरी राज्यकर्ती होती. राजा अल्पवयीन आणि एक स्त्री राज्य सांभाळीत आहे, हे दृश्य मार्गारेटने वयाच्या तिसऱ्या वर्षापासून पाहिले. त्याच घरात सॅव्हॉयच्या घराण्यातील एक दरिद्री मुलगीही वाढत होती. तिचे नाव लुईझ. या दोघींची गाठ पुढे पुन्हा पडावयाची होती.

ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणे मुलीचे वय बारा पूर्ण झाल्यावाचून विवाह पक्का होत नसे. मार्गारेटला बारावे वर्ष १० जानेवारी १४९२ रोजी पूर्ण व्हावयाचे होते. ६ डिसेंबर १४९१ रोजी, म्हणजे अवघे पाच आठवडे आधी, चार्ल्सने लांजे येथील किल्ल्यात ब्रिटनीच्या आनशी विवाह केला. ब्रिटनीचे राज्य फ्रान्सला जोडून होते, आन त्याची स्वामिनी होती, आणि तिच्या राजधानीला फ्रेंच सैन्याचा वेढा पडला होता. पण यातील विलक्षण भाग निराळाच. याच आनचा डिसेंबर १४९० मध्ये मुखत्याराकरवी विवाह लागला होता तो मार्गारेटच्या पित्याशी. वराऐवजी त्याची तलवार पाठवून लग्न लावण्याची जी चाल भारतातील काही राजघराण्यांत होती तिच्या जातीचाच हा प्रकार. वराच्या वतीने त्याचा प्रतिनिधी उभा राहतो आणि विवाह कायदेशीर ठरतो. म्हणजे चार्ल्सने एकाच कृत्याने आपल्या सासऱ्याची पत्नी पळविली आणि त्याची मुलगी टाकली. दोन्ही विवाह आप्तसंबंध व पूर्वबंधन यांमुळे सदोष असल्याची ओरड झाली. पोपची परवानगी १४९२ मध्ये, लग्न होऊन गेल्यावर आली. फ्रेंच पक्षाचेही एक म्हणणे होते, आणि ते केवळ सबब म्हणून सोडून देता येत नाही : राजाच्या संमतीवाचून ब्रिटनीच्या मुलींचा विवाह करू नये असे १४८८ च्या तहाने ठरले होते, तेव्हा मॅक्सिमिलियनने केलेला विवाहच करारभंग होता.

यापुढचा दीड वर्षाचा काळ चरित्रकार घाईने उरकतात. वस्तुतः तोच सर्वांत बोधक आहे. परित्याग केलेली मुलगी चार्ल्सने लगेच परत पाठविली नाही. कारण विवाह मोडल्यास आंदण परत करावे असे आरासच्या तहात स्पष्ट लिहिले होते. मुलगी परत करणे म्हणजे प्रांत परत करणे. ती फ्रान्समध्ये राहिली ती राणी म्हणून नव्हे, पाहुणी म्हणूनही नव्हे, तर तारण म्हणून. मॅक्सिमिलियनने शस्त्र उचलले, आरास शहर व फ्रांश-कोंतेचा मोठा भाग परत घेतला, आणि चार्ल्सचे मन तोवर इटलीच्या मोहिमेत गुंतले होते. म्हणून २३ मे १४९३ रोजी सांलिसचा तह झाला. अर्त्वा, फ्रांश-कोंते आणि शारोले परत आले, त्यांच्याबरोबर मार्गारेटही आली. तेरा वर्षांच्या मुलीला आपली किंमत किती प्रांतांइतकी आहे हे या तहाने अचूक कळले असणार. फ्रान्सच्या राजघराण्याविषयी तिच्या मनात पुढे जो अविश्वास दिसतो त्याला केवळ दुखावलेला अभिमान म्हणणे अपुरे आहे. करार कसे पाळले जातात याचा तो अनुभव होता.

दुसरी सोयरीक स्पेनशी झाली. फ्रान्सला दोन्ही बाजूंनी कोंडावे या हेतूने मॅक्सिमिलियन आणि कास्तील-आरागॉनचे इझाबेला व फेर्दिनांद यांनी १४९५ मध्ये साटेलोटे ठरविले. फिलिपला हुआना द्यावयाची, आणि हुआनाचा भाऊ युवराज हुआन याला मार्गारेट. साटेलोट्यात असते तसे येथेही आंदण दोन्हीकडून माफ होते. मात्र दोन्ही वधूंसाठी सासरकडून वार्षिक उत्पन्न नेमून देण्यात आले. हुआनाला घेऊन आलेल्या आरमाराचा हिवाळा झीलंडच्या किनाऱ्यावर गेला आणि त्यातील बरेच खलाशी थंडीने व रोगाने दगावले. त्याच आरमारातून मार्गारेट १४९७ च्या आरंभी स्पेनला निघाली. वाटेत वादळ झाले. जहाज बुडणार असे वाटत असता तिने स्वतःसाठी एक विनोदी मृत्युलेख रचून हाताला बांधला, दोन नवरे होऊनही कुमारिका मेलेली म्हणून त्यात स्वतःची थट्टा केली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, करुणमूर्ती मार्गारेटपेक्षा ही मार्गारेट तिच्या उत्तरकालीन पत्रांतील स्त्रीशी अधिक जुळते.

एप्रिल १४९७ मध्ये बुर्गोस येथे विवाह झाला. ४ ऑक्टोबर रोजी हुआन सालामांका येथे मृत्यू पावला; त्याचे वय एकोणीस. नवपरिणीत जोडप्याला काही काळ दूर ठेवावे असा वैद्यांचा सल्ला होता व देवाने जोडलेल्यांना आपण तोडणार नाही असे म्हणून राणी इझाबेलाने तो मानला नाही, असे दरबारातील पिएत्रो मार्तीरे या इटालियन विद्वानाच्या पत्रावरून दिसते. त्यावरून पत्नीप्रेमानेच युवराज मेला अशी रसभरित कथा रचली गेली. हुआन मुळातच नाजूक प्रकृतीचा होता, हे तितकेच नोंदलेले आहे. पण त्यात रस नसल्यामुळे ते मागे पडले. मार्गारेट गर्भवती होती. तिला मृत मुलगी झाली.

त्या मृत मुलीचे राजकीय महत्त्व फार मोठे होते. ती जगती तर कास्तीलची वारस ठरती. ती नाही म्हणून वारसा हुआनच्या थोरल्या बहिणीकडे गेला. ती १४९८ मध्ये बाळंतपणात व तिचा मुलगा मिगेल १५०० मध्ये मृत्यू पावला, आणि वारसा हुआनाकडे, म्हणजे पर्यायाने मार्गारेटच्या भावाच्या घरात आला. साटेलोट्याच्या एका अंगाने सर्वस्व गमावले म्हणून दुसऱ्या अंगाला स्पेन मिळाले. मार्गारेट १५०० च्या प्रारंभी नेदरलँड्सला परतली तेव्हा हुआनाला नुकताच मुलगा झाला होता. मार्चमध्ये गेंट येथे त्याचा नामकरणविधी झाला, त्या वेळी धर्ममाता म्हणून मार्गारेट उपस्थित होती. ते मूल म्हणजे पुढील सम्राट पाचवा चार्ल्स.

तिसरा विवाह सॅव्हॉयचा ड्यूक फिलिबेर याच्याशी. करार सप्टेंबर १५०१ मध्ये झाला, विवाह डिसेंबरमध्ये रोमँमोतिए येथे. आल्प्सच्या घाटवाटा सॅव्हॉयच्या ताब्यात होत्या, आणि इटलीत उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्या हव्या होत्या. भाऊ फिलिप याला या वेळी फ्रान्सशी गोडी हवी होती व फ्रान्सलाही हा विवाह पसंत होता. फिलिबेर मार्गारेटच्याच वयाचा, देखणा, शिकारीचा षोकी. कारभार त्याचा अनौरस भाऊ रने पाहत असे. मार्गारेटने वर्ष-दीड वर्षात रनेला दूर केले; एवढेच नव्हे तर पित्याकडून सम्राटाच्या अधिकारात त्याचे औरसत्वाचे पत्र रद्द करवून घेतले. ही गोष्ट तिच्या चाहत्यांना अवघड जाते. रनेचा अपराध मोठा होता असे दिसत नाही. तो वाटेत होता, इतकेच. मार्गारेट पतीवर मनापासून प्रेम करीत होती याविषयी शंका नाही, आणि तो शिकार करीत असता तीच राज्य करीत होती याविषयीही नाही. मेर्कुरिनो गातिनारा हा पिएमोंतचा कायदेपंडित याच काळात तिच्या सेवेत आला. सप्टेंबर १५०४ मध्ये उन्हातील शिकारीनंतर गार पाणी पिऊन फिलिबेर आजारी पडला आणि १० तारखेला पों-देन येथे मृत्यू पावला.

येथून करारपत्रांचा अर्थ पालटतो. नवा ड्यूक, फिलिबेरचा सावत्र भाऊ तिसरा चार्ल्स, याला विधवा भावजयीला मोठा मुलूख तोडून देणे साहजिकच जड वाटले. मार्गारेटने माघार घेतली नाही. गातिनाराने कलमे काढली, प्रकरण सम्राटाकडे म्हणजे मॅक्सिमिलियनकडेच गेले, आणि १५०५ मध्ये स्ट्रासबर्ग येथे तडजोड होऊन ब्रेस, व्हो आणि फोसिन्यी हे मुलूख तिच्या तहहयात ताब्यात आले. न्यायाधीश हाच वादीचा पिता असल्यामुळे निर्णय कोणाच्या बाजूने लागला याचे आश्चर्य वाटावयास नको. पण मार्गारेटने आपले म्हणणे कराराच्या अक्षरावर उभे केले होते, पित्याच्या मायेवर नव्हे. आता वयाच्या पंचविसाव्या वर्षी तिच्याजवळ स्वतःचा मुलूख, स्वतःचे अधिकारी आणि स्वतःचे उत्पन्न होते. ते चालू राहण्याचा निर्वेध मार्ग एकच होता : विधवा राहणे.

म्हणून इंग्लंडच्या सातव्या हेन्रीची मागणी आली तेव्हा तिने दिलेल्या नकाराकडे केवळ शोकाचे लक्षण म्हणून पाहता येत नाही. १५०६ च्या जानेवारीत फिलिप स्पेनला जात असता वादळाने इंग्लंडच्या किनाऱ्यावर फेकला गेला. हेन्रीने त्याचा थाटाने पाहुणचार केला आणि निरोप देण्यापूर्वी दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या. त्यांतील एक म्हणजे फ्लेमिश कापडव्यापाराला अत्यंत जाचक असा व्यापारी करार, आणि दुसरी मार्गारेटशी विवाहाचा करार. भावाने वचन दिले, पित्याने आग्रह धरला. मार्गारेटने ऐकले नाही. तीनदा दिली गेलेली बहीण चौथ्यांदा देता आली नाही. पुढे सत्ता हाती आल्यावर तिने तो व्यापारी करारही अंमलात येऊ दिला नाही.

ती सत्ता अनपेक्षितपणे आली. २५ सप्टेंबर १५०६ रोजी फिलिप बुर्गोस येथे वारला. त्याचा वारस चार्ल्स सहा वर्षांचा, आई हुआना मनाने खचलेली आणि स्पेनमध्ये. प्रांतसभांना मॅक्सिमिलियन पूर्वीइतकाच नकोसा होता. मार्गारेट बर्गंडीच्या रक्ताची, फ्रेंच बोलणारी, ब्रसेल्सला जन्मलेली. आणि मुख्य म्हणजे कोणाची पत्नी नसलेली. परक्या राजाची राणी राज्यप्रतिनिधी म्हणून चालली नसती, कारण तिच्या पाठोपाठ तिचा पती आला असता. विधवेच्या पाठोपाठ कोणी येत नव्हते. १५०७ मध्ये तिची नेमणूक झाली. तिने मेखलेन येथे आपला वाडा उभारला, फिलिपची चार मुले (चार्ल्स, एलेओनोर, इझाबेला आणि मेरी) आपल्याजवळ ठेवली आणि शेवटपर्यंत विधवेचा पांढरा शिरोवेश टाकला नाही. बर्नार्ट व्हान ओर्ले या चित्रकाराने काढलेल्या तिच्या चित्रांत तोच वेश आहे, आणि ही चित्रे भेट म्हणून सर्वत्र पाठविली जात. शोकाचा पोशाख हाच तिचा अधिकाराचा पोशाख झाला.

मेखलेनच्या दरबाराविषयी लिहावयाचे झाले तर स्वतंत्र निबंध होईल. तिच्या संग्रहात यान व्हान आइकचे आज लंडनमध्ये असलेले आर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र होते. मेक्सिकोहून आलेल्या पिसांच्या वस्तूही होत्या. १५२१ मध्ये आल्ब्रेख्त ड्यूरर तिच्या भेटीस आला. त्याने मॅक्सिमिलियनचे आपण काढलेले चित्र तिला दाखविले. ते तिला इतके नापसंत पडले की त्याने ते परत नेले, असे त्यानेच आपल्या रोजनिशीत नमूद केले आहे. १५१३ मध्ये टॉमस बोलिन या इंग्रज वकिलाची मुलगी ॲन शिक्षणासाठी या दरबारात आली. हुआनची बहीण कॅथेरिन हिला कास्तीलच्या दरबारात असताना मार्गारेटने फ्रेंच बोलण्याची सवय करून द्यावी, अशी इंग्लंडच्या बाजूची इच्छा होती. त्याच कॅथेरिनच्या संसारात ही मुलगी पुढे यावयाची होती.

पिता आणि कन्या यांचा पत्रव्यवहार एकोणिसाव्या शतकात ल ग्ले याने लील येथील दफ्तरातून प्रसिद्ध केला. त्यात गेल्डर्सच्या ड्यूकशी चाललेले युद्ध, सैन्याचा थकलेला पगार, बिशपांच्या नेमणुका, आणि सतत पैसा, हे विषय आहेत. मॅक्सिमिलियनला मोहिमा हव्या असत. मार्गारेटला त्या मोहिमांचा खर्च देणाऱ्या शहरांना तोंड द्यावे लागे. १५०८ च्या डिसेंबरमध्ये कांब्रे येथे फ्रान्सच्या कार्डिनल दांब्वाझशी तिने स्वतः वाटाघाट करून तह घडविला, तेव्हा डोकेदुखीने आपण हैराण झाल्याचे व कार्डिनलशी आपली केसाकेशीच व्हावयाची राहिल्याचे तिने कळविले आहे.

याच पत्रांत मुलांच्या लग्नांचा विषय वारंवार येतो, आणि मार्गारेटच्या चरित्रातील कठीण प्रश्न येथे उभा राहतो. जिने चौथे लग्न नाकारले, तिने भाच्यांच्या लग्नांत काय केले? तिने ती जुळविली. चार्ल्ससाठी इंग्लंडची मेरी ट्यूडर तिने धरून ठेवली होती. मुखत्याराकरवी वाग्विधी डिसेंबर १५०८ मध्ये झाला. पण मॅक्सिमिलियनच्या चालढकलीने ती सोयरीक १५१४ मध्ये फिसकटली आणि मेरी फ्रान्सच्या वृद्ध बाराव्या लुईला दिली गेली. त्याच सुमारास इंग्रज सरदार चार्ल्स ब्रँडन याने थट्टेत मार्गारेटच्या बोटातील अंगठी काढून घेतल्यावरून ती त्याच्याशी लग्न करणार अशी वदंता युरोपभर पसरली व तिला लेखी खुलासा करावा लागला. गंमत अशी की लुई वारल्यावर १५१५ मध्ये मेरी ट्यूडरशी लग्न केले ते याच ब्रँडनने.

इझाबेलाची कथा गंमतीची नाही. जून १५१४ मध्ये, तेराही वर्षे पूर्ण झाली नसता, तिचा डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान याच्याशी मुखत्याराकरवी विवाह लागला. १५१५ च्या उन्हाळ्यात ती कोपनहेगनला गेली. बाल्टिकच्या व्यापाराचे नाके डेन्मार्कच्या हाती होते, आणि ॲम्स्टरडॅमच्या धान्यवाहू जहाजांना ते मोकळे हवे होते. या लग्नामागचे कारण तेवढेच. क्रिस्तियानची डच रखेली डेव्हेके व तिची आई सिग्ब्रिट यांचा दरबारात अंमल होता, आणि बालराणीला त्यांच्या छायेत दिवस काढावे लागले. १५२३ मध्ये सरदारांनी क्रिस्तियानला पदच्युत केले व इझाबेला तीन मुलांसह परागंदा होऊन नेदरलँड्सला आली. जानेवारी १५२६ मध्ये गेंटजवळ ती मृत्यू पावली, वय चोवीस. मुले मार्गारेटने मेखलेनला नेली. ज्या घरातून आई लग्न होऊन गेली त्याच घरात तिची पोरकी मुले पुन्हा आली.

धाकट्या मेरीला १५१४ मध्येच व्हिएन्नाकडे रवाना करण्यात आले. जुलै १५१५ मध्ये तिथे हंगेरीच्या राजघराण्याशी पुन्हा एक साटेलोटे झाले. नातवांपैकी कोणता हे ठरले नसल्यामुळे छप्पन्न वर्षांचा मॅक्सिमिलियनच बारा वर्षांच्या हंगेरियन राजकन्येसमोर वर म्हणून उभा राहिला. एलेओनोरचे एका जर्मन राजपुत्रावर मन बसले होते. १५१७ मध्ये त्याचे पत्र चार्ल्सने स्वतः हिसकावून घेतले आणि पुढील वर्षी तिला पोर्तुगालच्या मानुएलकडे पाठविले, ज्याने तिच्या दोन मावशांशी आधी लग्ने केली होती. १५१० मध्ये गोवे जिंकले गेले ते याच मानुएलच्या राज्यकाळात. या प्रकरणी मार्गारेटला दोष देता येत नाही, कारण त्या वेळी तिच्या हाती अधिकार नव्हता. पण असता तर तिने निराळे काही केले असते असे मानावयास आधारही नाही. घराण्याच्या हिशेबात मुलगी म्हणजे काय हे तिला स्वतःच्या देहाने ठाऊक होते, आणि तो हिशेब तिने इतरांच्या बाबतीत तितक्याच चोखपणे मांडला. सहृदयता व राज्यकारभार यांचा मेळ तिने कसा घातला याचे स्पष्टीकरण तिच्या कागदपत्रांत मिळत नाही. बहुधा तो विरोध तिला विरोध म्हणून जाणवलाच नसावा.

जानेवारी १५१५ मध्ये शीएव्रच्या सरदाराच्या पक्षाने चार्ल्सला वयात आल्याचे जाहीर करवून मार्गारेटला बाजूला सारले. तिच्यावर पैशाच्या अपहाराची कुजबूज सुरू झाली तेव्हा ऑगस्टमध्ये तिने भाच्यापुढे लेखी निवेदन ठेवले. त्यातील मुख्य मुद्दा ध्यानात घेण्याजोगा आहे : कारभार करीत असता आपण वेतन घेतले नाही, उलट आपल्या विधवा-उत्पन्नातून राज्यासाठी खर्च केला. सॅव्हॉयच्या मुलुखाचा वसूल फ्लँडर्सच्या कारभाराला पुरविला गेला होता. जिचे पोट राज्यावर अवलंबून नाही तिला लाचखाऊ म्हणणे सोपे नव्हते. १५१९ च्या सम्राटपदाच्या निवडणुकीत तिची जर्मन राजांशी असलेली ओळख व पत्रव्यवहार उपयोगी पडला, आणि त्याच वर्षी चार्ल्सने तिला पुन्हा नेमले. गातिनारा एव्हाना चार्ल्सचा महाकुलसचिव झाला होता.

तिच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे १५२९ चा कांब्रेचा तह. पाव्हियाच्या लढाईत (१५२५) फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस कैद झाला, माद्रिदला मानहानीच्या अटी मान्य करून सुटला, सुटताच अटी नाकारल्या, आणि त्याची दोन मुले १५२६ पासून स्पेनमध्ये ओलीस राहिली. दोन्ही राजांनी परस्परांना इतके अपशब्द वापरले होते की कोणालाही पहिले पाऊल टाकणे शक्य नव्हते. मार्गारेटने चार्ल्सकडे पाठविलेल्या वकिलांना दिलेल्या सूचनांत हा पेच नेमका मांडला : राजांची प्रतिष्ठा पणाला लागली असता त्यांना जे करता येत नाही ते स्त्रियांना करता येते, कारण स्त्रीने शांततेसाठी पुढाकार घेतल्यास कोणाचा मान जात नाही. दुसऱ्या बाजूला फ्रान्सिसची आई होती. ती म्हणजे आंब्वाझची ती दरिद्री लुईझ. फिलिबेरची सख्खी बहीण, म्हणून मार्गारेटची नणंद. जुलै महिन्यात दोघी कांब्रेत समोरासमोरच्या वास्तूंत उतरल्या. मध्ये झाकलेली वाट बांधून घेतली आणि सुमारे चार आठवडे वकिलांच्या गर्दीवाचून बोलत राहिल्या. ५ ऑगस्ट रोजी तह जाहीर झाला. चार्ल्सने बर्गंडीच्या डचीवरील हक्काची अंमलबजावणी सोडली. फ्रान्सिसने इटलीवरील दावा आणि फ्लँडर्स व अर्त्वावरील अधिराज्य सोडले. राजपुत्रांची खंडणी वीस लक्ष सुवर्ण एक्यू ठरली. जे अर्त्वा १४८२ मध्ये तीन वर्षांच्या मार्गारेटबरोबर आंदण गेले होते, ते एकोणपन्नास वर्षांच्या मार्गारेटने अशा रीतीने फ्रान्सच्या अधिराज्यातून कायमचे मोकळे करून घेतले.

आणि त्याच तहात एक विवाहाचेही कलम होते. मानुएलच्या मृत्यूने विधवा झालेली एलेओनोर फ्रान्सिसला द्यावयाची. जुलै १५३० मध्ये ओलीस ठेवलेले राजपुत्र आणि वधू एकाच सुमारास सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये गेली.

त्या वर्षाच्या शरदात मार्गारेटच्या पायाला संसर्ग झाला. ३० नोव्हेंबर रोजी तिने चार्ल्सला शेवटचे पत्र लिहविले : तुम्ही सोपविलेले प्रांत आपण राखले, एवढेच नव्हे तर वाढवून परत करीत आहोत, फ्रान्स व इंग्लंडच्या राजांशी शांतता ठेवावी, आणि बर्गंडीचे नाव नाहीसे होऊ देऊ नये. त्याच रात्री मेखलेन येथे तिचा अंत झाला. तिच्या जागी १५३१ मध्ये मेरी आली. मोहाचच्या लढाईत (१५२६) पती गमावलेली, पुन्हा लग्न न करण्याचा निर्धार केलेली विधवा. इझाबेलाची मुलगी क्रिस्तीना हिला वयाच्या अकराव्या वर्षी मिलानच्या ड्यूकला देण्याचे चार्ल्सने १५३३ मध्ये ठरविले, तेव्हा हे निसर्गाच्या व देवाच्या नियमाविरुद्ध आहे असे मेरीने त्याला लिहिले. लग्न झालेच.

मार्गारेटची समाधी ब्रेसमधील ब्रू येथे आहे. विधवा म्हणून मिळालेल्या मुलुखात, त्याच मुलुखाच्या उत्पन्नातून, १५०६ पासून तिने हा मठ बांधविण्यास घेतला. चर्चचे काम ब्रसेल्सच्या लॉइस व्हान बोघेम याने केले आणि समाधींवरील मूर्ती कोन्राट माइट याने घडविल्या. फिलिबेर, त्याची आई आणि मार्गारेट अशा तीन समाधी तेथे आहेत. मार्गारेटच्या समाधीवर तिच्या दोन मूर्ती आहेत : वर राजवस्त्रांत, प्रौढ, खाली मोकळ्या केसांची, अनवाणी. काम पुरे होण्यापूर्वीच ती वारली. ज्या वास्तूसाठी पंचवीस वर्षे पत्रे लिहिली ती पूर्ण झालेली तिने पाहिली नाही. मृत्युपत्राप्रमाणे हृदय ब्रुग येथील तिने स्थापिलेल्या जोगिणींच्या मठात ठेवण्यात आले, आणि देह १५३२ च्या जूनमध्ये ब्रू येथे फिलिबेरशेजारी पुरला गेला.